फॉर्म सुटण्याआधी

यूपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. 2024 पासून दिल्लीत या परीक्षेसंबंधी बरेच निर्णय झाले. पेपरफुटीविरोधी कायदा लागू झाला, क्लासच्या जाहिरातींना लगाम बसला, अर्जाचं पोर्टल बदललं, 'प्रतिभा सेतू' आला. अभ्यासिकेखालच्या चहाच्या टपरीवर यावर चर्चा रंगते. एकाच्या मते आता सगळं सोपं झालं, दुसऱ्याच्या मते हा सगळा देखावा. मूळ जाहिरात मात्र दोघांपैकी कोणीच वाचलेली नसते. यातल्या एकाही निर्णयाने जागा वाढलेल्या नाहीत, हे आधी मनात पक्कं करा. पण कागदाच्या चुकीने बाद होणं, क्लासच्या जाहिरातीला भुलणं आणि शेवटच्या फेरीतून रिकाम्या हाताने परतणं, हे तीन फटके थोडे कमी होऊ शकतात. तेही वेळेत हातपाय हलवले तरच.

कागदांपासून सुरुवात करा. आधी पूर्वपरीक्षेचा फॉर्म भरताना प्रवर्ग नुसता टिकमार्क केला तरी चालायचं, प्रमाणपत्रं मुख्य परीक्षेच्या वेळी जोडली जायची. 2025 च्या परीक्षेपासून जन्मतारीख, प्रवर्ग, दिव्यांगत्व असे सगळे दावे आणि त्यांचे कागद पूर्वपरीक्षेच्या अर्जासोबतच मागितले गेले. त्याआधीच्या वर्षी एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला होता आणि आयोगाने ती उमेदवारी रद्द केली होती, हे आठवत असेलच. त्यामुळे आता 'आधी प्रिलिम्स तर निघू दे, मग बघू' ही सवय सोडावी लागेल.

महाराष्ट्रातल्या मुलांची गल्लत नेमकी इथे होते. घरात ओबीसीचा दाखला असतो, नॉन-क्रीमी लेयरही असतं, पण दोन्ही राज्याच्या नमुन्यात. ते एमपीएससीला चालतं, यूपीएससीला नाही. केंद्राचा नमुना वेगळा आहे. त्याच्या मथळ्यातच भारत सरकारच्या अखत्यारीतील पदांसाठी असा उल्लेख असतो, आणि तो सेतू केंद्रात वेगळा मागून घ्यावा लागतो. मागितला नाही तर राज्याचाच हातात पडतो. हातात पडल्यावर तिथेच उभं राहून मथळा वाचा, आपलं आणि वडिलांचं नाव वाचा, खालची तारीख वाचा. ही तारीख अर्जाच्या अंतिम मुदतीच्या आतली लागते. 'आमच्या नॉन-क्रीमी लेयरची अजून मुदत आहे' हे राज्याचं उत्तर झालं. कोणत्या आर्थिक वर्षांचं उत्पन्न धरायचं ते आयोगाच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, तेच प्रमाण. ईडब्ल्यूएसचंही तसंच, तिथे मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न बघतात. आणि एसईबीसीचं आरक्षण राज्यापुरतं आहे, केंद्राच्या परीक्षेत त्या प्रवर्गाचा रकानाच नाही. असे विद्यार्थी केंद्रासाठी ईडब्ल्यूएसच्या निकषात बसतात का, हे तहसील कार्यालयात आधीच विचारून ठेवा. फेब्रुवारीत फॉर्म सुटल्यावर रांगेत उभं राहायचं आणि 'साहेब मीटिंगला गेलेत' ऐकायचं, त्यापेक्षा पावसाळ्यातच हे काम उरकलेलं बरं.

अर्जाचं पोर्टलही मे 2025 मध्ये बदललं. त्याचे चार भाग आहेत. खातं उघडणं, नोंदणी आणि सामायिक अर्ज हे पहिले तीन भाग जाहिरात नसतानाही भरून ठेवता येतात. चौथा फक्त त्या त्या परीक्षेचा. तेव्हा पहिले तीन आजच उरका. आधार आणि दहावीचं प्रमाणपत्र शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्याकडे एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांचं नावच गायब, असं सर्रास असतं.

आता क्लास. पूर्वपरीक्षेच्या फॉर्मची फी 100 रुपये, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व दिव्यांग उमेदवारांना तीही माफ. खरा खर्च बाहेरच आहे. सदाशिव पेठेत किंवा दिल्लीच्या ओल्ड राजेंद्रनगरमध्ये फिरताना फलक बघा, एकच यशस्वी चेहरा तीन-चार क्लासच्या फलकांवर हसत असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा जाहिरातींची चौकशी करून काही नामवंत क्लासना दंड केला. चौकशीत निघालं ते असं, की फलकावरच्या बऱ्याच जणांनी त्या क्लासचा फक्त मुलाखत मार्गदर्शनाचा कार्यक्रम केला होता, म्हणजे पूर्व आणि मुख्य परीक्षा आपल्या बळावर पार केल्यानंतरचा. नोव्हेंबर 2024 मध्ये या प्राधिकरणाने नियमावलीच काढली. पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासला यशस्वी उमेदवाराचं नाव, रँक आणि त्याने कोणता कोर्स केला हे सांगावं लागतं, निकालानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते, आणि खुलासा मोठ्या दाव्याइतक्याच ठळक अक्षरात छापावा लागतो.

नियम झाला म्हणून फलक सुधारतीलच असं नाही. काउन्सेलरसमोर बसलात की एकच विचारा: 'यातल्या कितींनी तुमचा पूर्ण फाउंडेशन कोर्स केला?' तो विषय टाळू लागला तर पैसे खिशातच ठेवा. 'आज भरलं तर तीस टक्के सूट' या घाईला तर मुळीच बळी पडू नका, खोटी निकड दाखवायलाही नियमावलीत मनाई आहे. फी हप्त्यांत भरा, पावती घ्या, परताव्याची अट लेखी मागा. अर्ध्यात कोर्स सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असं शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. क्लास दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. भांडण नको म्हणून गप्प बसणाऱ्या पालकांचे पैसे बुडतात.

उत्तरतालिकेचं थोडक्यात. एमपीएससीवाल्यांना पहिली उत्तरतालिका आणि हरकती नव्या नाहीत, यूपीएससी मात्र ती अंतिम निकाल लागेपर्यंत झाकून ठेवायची. 2025 मध्ये आयोगाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं, की पूर्वपरीक्षेनंतर हंगामी उत्तरतालिका काढू, आणि हरकतीसोबत तीन अधिकृत संदर्भ द्यावे लागतील. क्लासच्या नोट्स म्हणजे अधिकृत संदर्भ नव्हेत. मूळ पुस्तकं जवळ ठेवा. पेपरफुटीविरोधी कायदा जून 2024 पासून लागू आहे. तो टोळ्यांसाठी आणि परीक्षा घेणाऱ्या कंपन्यांसाठी आहे, तुम्ही त्यात डोकं घालायचं कारण नाही.

पैशाची मदत मिळते, पण ती शोधावी लागते. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या मदतीच्या जाहिराती त्यांच्या संकेतस्थळांवर येऊन मुदत संपून जातात, आणि गावाकडच्या मुलाला निकाल लागल्यावर कळतं. कोल इंडियाने 2024 मध्ये 'निर्माण' योजना आणली. कंपनीच्या कार्यक्षेत्रातल्या जिल्ह्यांतले, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेले अनुसूचित जाती-जमातीचे, महिला आणि तृतीयपंथी उमेदवार पूर्वपरीक्षा पास झाले की त्यांना एक लाख रुपये. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरकडच्यांनी दर वर्षीच्या अटी बघून हे जरूर तपासावं.

सगळ्यात जास्त गैरसमज 'प्रतिभा सेतू'बद्दल आहेत, म्हणजे शिफारस न झालेल्या उमेदवारांची माहिती नोकरी देणाऱ्या संस्थांपुढे ठेवणाऱ्या योजनेबद्दल. 2024 च्या परीक्षेला 9,92,599 अर्ज आले, 5,83,213 जण प्रत्यक्ष बसले, 14,627 मुख्य परीक्षेपर्यंत गेले, 2,845 जणांना मुलाखतीला बोलावलं आणि शिफारस 1,009 जणांची झाली. सेतू आहे तो मुलाखतीपर्यंत जाऊन राहिलेल्या अठराशेच्या आसपास मुलांसाठी. मुख्य परीक्षेत राहिलेल्यांना त्यात जागा नाही, पूर्वपरीक्षेत राहिलेल्या साडेपाच लाखांवर मुलांचा तर प्रश्नच नाही. तेव्हा 'नाही झालं तर सेतू आहेच' असं म्हणून नोकरी सोडू नका आणि सातवं वर्ष काढू नका. किती अटेम्प्ट द्यायचे हे नियम सांगतो, खुल्या गटाला सहा. किती द्यायला परवडतात हे घरी बसून ठरवावं लागतं, आणि ते पहिल्या अटेम्प्टआधी.

जे मुलाखतीपर्यंत जातील त्यांनी आपली माहिती सेतूवर देण्याला संमती जरूर द्यावी. 2018 पासून अशा राहिलेल्या उमेदवारांची यादी निघतेच आहे, 2025 मध्ये तिला नवं नाव आणि कंपन्यांसाठी पोर्टल मिळालं. संमती दिलेल्यांचीच माहिती नोंदणीकृत संस्थांना दिसते. राहिल्याचं चारचौघांत कळेल या लाजेने अनेक जण नकार देतात. घरच्यांनीच त्यांना सांगावं, की लाखोंमधून तिथवर गेलेल्याने लाजायचं काय? नोकरीची हमी मात्र यात कुठेही नाही. संस्थेला वाटलं तर ती बोलावते. राज्य कामगार विमा महामंडळाने या मार्गाने उमेदवार घेतले, ते वैद्यकीय सेवा परीक्षेतले डॉक्टर होते. म्हणून हातात डॉक्टरकीची, अभियांत्रिकीची, सीएची पदवी असेल तर तिच्याशी संबंध तुटू देऊ नका. कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा, आठवड्यातून दोन दिवसांचं का होईना काम धरा, आणि अनुभवाचं पत्र लेटरहेडवर मागून घ्या.