भिवंडीची ‘गर्दी’ आणि महाराष्ट्राला न आठवणारे कर्वे (थ्रेड)

1/ भिवंडीचे नाव निघाले की यंत्रमागांच्या खालोखाल लोकसंख्येचा विषय निघतो. ‘या वस्त्यांना समजावून उपयोग नाही, कायदाच हवा’ असा निकाल इतिहासाचे एक पानही न उलटता दिला जातो. हा निकाल अमलात आणण्याची तयारी महाराष्ट्राने एकदा केली होती. त्याच्या कितीतरी आधी याच प्रांतात नेमका उलटा मार्ग आखला गेला होता.

2/ 1921 मध्ये लंडनला मेरी स्टोप्स यांनी संततिनियमन केंद्र उघडले आणि त्याच वर्षी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. या कार्यापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापकपद सोडावे लागले. 1927 पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दंड झालाच.

3/ आंबेडकरांची भूमिका वकिलीपुरती नव्हती. 10 नोव्हेंबर 1938 रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या साधनांचा ठराव मांडला. प्रसूतीच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक अपत्यांना कोणीही राजी झाला नसता, असा त्या भाषणातील युक्तिवाद. ठराव फेटाळला गेला. मजुरांच्या पक्षाने साधने मागितली होती, शिक्षा नव्हे. हे ध्यानात ठेवावे.

4/ कर्व्यांची पूजा बांधण्याचे कारण नाही. सुप्रजननाच्या त्या काळच्या कल्पनांपासून ते मुक्त नव्हते, आणि त्यांचा वाचक मुख्यतः शिकलेला मराठी मध्यमवर्गीय होता. मागावरच्या उर्दू किंवा तेलुगू बोलणाऱ्या कामगारापर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ पोचणे शक्यच नव्हते. पण निर्णय स्त्रीचा, हे सूत्र त्यांचे.

5/ मग आणीबाणी आली. 1976 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. देशभर मात्र 1976-77 या एका वर्षात 80 लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. उत्तर प्रदेशात सुलतानपूर व मुझफ्फरनगर येथे विरोध करणाऱ्या जमावांवर गोळीबार झाला. भिवंडीच्या मागांवरचे असंख्य कामगार त्याच राज्यातून आलेले आहेत. पुढे पोलिओच्या थेंबांनी वंध्यत्व येते ही अफवा तिथे वर्षानुवर्षे टिकली. तिला नुसते अडाणीपण म्हणणाऱ्यांनी 1976 हे वर्ष आधी वाचावे.

6/ ‘हे लोक ऐकत नाहीत’ हा दावा आकड्यांपुढेही टिकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 1992-93 मध्ये भारतातील मुस्लिम स्त्रियांचा एकूण जननदर 4.4 होता; 2019-21 मध्ये तो 2.4 वर आला. ही घट सक्तीच्या कायद्याविना झाली. त्याच ताज्या सर्वेक्षणात स्त्रियांच्या नसबंदीचे प्रमाण 37.9 टक्के आणि पुरुषांच्या नसबंदीचे 0.3. पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी असूनही! तेव्हा न ऐकणारे नेमके कोण, हेही विचारायला हवे.

7/ भिवंडीतली अडचण फार साधी आहे. बारा तासांची पाळी आणि मजुरी विणलेल्या कापडावर. दवाखान्यात घालवलेली सकाळ म्हणजे बुडालेली मजुरी. कित्येकांचे कुटुंब गावी, स्वतः सामायिक खोलीत, जेवण भिशीत. वर्षातून एकदा गावी जाणाऱ्या माणसाच्या पत्नीला कोणते साधन, कोणत्या गावी, कोणी द्यायचे? तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन 2017 पासून सरकारी योजनेत आहे, पण पुढच्या मात्रेच्या वेळी ती स्त्री गावी असेल की भिवंडीत, यावर सारे अवलंबून.

8/ आणि राज्याचे उत्तर काय? 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झाल्यास पालिकेची किंवा पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. रात्रपाळीनंतर उघडा असलेला दवाखाना, उर्दू-तेलुगू बोलणारी परिचारिका, नवऱ्याशीही बोलणारा आरोग्यसेवक या गोष्टी त्या नियमाच्या कोणत्या कलमात बसतात, ते ‘कायदाच हवा’ म्हणणाऱ्यांनी दाखवावे.