नाव सोनुबाई मुंबई!



सभेहून घरी जाताना गाडीत हे वाचा. उभ्यानेच वाचावे लागेल. बसायला जागा मिळायची नाही. तेवढ्यावरूनच विषय काय आहे, ते तुमच्या ध्यानात येईल!

जत्रेला गावी गेलो की पारावरचा म्हातारा विचारतो, "काय पाव्हणं, हल्ली कुठं असता?" आपण कॉलर ताठ करून सांगतो, "मुंबईला!" म्हातारा मान डोलावतो. चार पोरे आपल्या बुटांकडे बघत राहतात. खरे सांगा, त्या वेळी आपण त्याला सांगतो का, की बाबा, मी नालासोपाऱ्याला राहतो? बदलापूरला राहतो? रोज पहाटे पाचला उठून दोन तास लोंबकळत मुंबईला जातो आणि रात्री दहाला परत येतो? छे! "मुंबईला" एवढेच सांगतो आणि गप्प बसतो.

आणि हाच मर्द गडी सोमवारी सकाळी फलाटावर गाडी चुकली की काय म्हणतो? "या मुंबईनं माणसाचं माकड केलं! कधी एकदा गावी जाऊन पडतोय असं झालंय!" गावी गेला की चार दिवसांत कंटाळतो. "इथं काय आहे? करमत नाही," म्हणून परत बोचके बांधतो.

आता यातले खरे कोणते? अहो, दोन्ही खरे. मुंबईवर आपण नवरा-बायकोसारखे प्रेम करतो. घरात रोज भांडण. पण बाहेरच्याने एक शब्द वावगा काढला, की दोघे मिळून त्याच्या अंगावर!

पण या प्रेमाचा हिशेब कधी तरी मांडायला हवा. मुंबईचे नाव जगभर झाले. ठीक. त्या नावातले तुमच्या-माझ्या पदरात काय पडले?

मुंबईची कीर्ती आजची नाही. गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचे वर्णन' लिहिले ते १८६३ साली. पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी केली, तिच्यात शहराची श्रीमंती दिपवून टाकते. पुढे अण्णाभाऊ साठ्यांनीही मुंबईवर लावणी केली. पण अण्णाभाऊ गिरणगावात राहिलेला माणूस. त्यांनी माडी दाखवली आणि माडीच्या मागची झोपडीही दाखवली. म्हणजे या शहराला दोन तोंडे आहेत, हे आपल्या शाहिरांना केव्हाच ठाऊक होते. कीर्ती गाणारे मात्र एकाच तोंडाचा फोटो काढतात!

ही कीर्ती एकदा आपल्यावरच उलटली होती, ते विसरू नका. १९४८ साली दार कमिशन बसले, १९४९ साली नेहरू, पटेल आणि पट्टाभी या तिघांच्या समितीचा अहवाल आला. दोघांचाही सूर एकच. मुंबई फार मोठी, फार नामांकित, सर्व भाषांच्या लोकांची; तेव्हा ती महाराष्ट्राला देता यायची नाही! वा रे न्याय! पोरगी गुणी निघाली, म्हणून आईचा तिच्यावरचा हक्क गेला! १६ जानेवारी १९५६ रोजी तर पंडित नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे जाहीर करून टाकले. त्याच्या आधी, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, फ्लोरा फाउंटनला मराठी माणसाने रक्त सांडून उत्तर दिलेले होतेच. त्या लढ्यात शंभरावर हुतात्मे पडले. त्यांत बडे कोण होते? गिरणीत, कारखान्यात, दुकानात राबणारी साधी माणसे होती. आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

हे झाले आपल्या वडीलधाऱ्यांचे कर्तृत्व. आता आपले सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

माझा जन्म लालबागच्या चाळीतला. वडील गिरणीत साचेवाले. भोंगा झाला की आई चुलीवर चहा ठेवायची. घड्याळ घरात नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळकरी पोर. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. "पंधरा दिवसांत मिटेल," असे वडील म्हणाले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. वडिलांनी मग भाजी विकली, रात्री पहारा केला. पण साच्यावर पुन्हा हात ठेवला नाही.

गिरण्या बंद पडल्या, तरी जमीन होती. मुंबईच्या ऐन पोटात सहाशे एकरांच्या आसपास जमीन! १९९१ साली सरकारने नियम केला, की गिरणीची जमीन विकायची तर ढोबळ हिशेबाने तिचे तीन वाटे करायचे. एक वाटा महापालिकेला, बागा-मैदानांसाठी. एक म्हाडाला, गोरगरिबांच्या घरांसाठी. एक मालकाला. ऐकायला किती छान! दहा वर्षांनी, २००१ साली, त्याच नियमाला पाचर मारली. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची. जिच्यावर इमारत उभी होती ती जमीन वाटणीत धरायची नाही! आता सांगा, गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? चिमणी, साचाखाते, गोदाम, सगळे इमारतीतच आले. वाटा उरला चटणीएवढा. भांडण कोर्टात गेले. उच्च न्यायालयाने २००५ साली लोकांच्या बाजूने निकाल दिला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. खेळ खलास!

त्या जमिनीवर आज टॉवर आहेत, मॉल आहेत, काचेच्या कचेऱ्या आहेत. चिमण्या काही ठिकाणी ठेवल्या आहेत. शोभेला! गिरणी कामगारांचे आणि वारसांचे घरांसाठी दीड लाखावर अर्ज पडले. पहिली सोडत निघाली २०१२ साली. बहुतेकांच्या नशिबी अजून वाटच बघणे आहे. त्यांना आता दाखवतात कुठली घरे? शेलूची आणि वांगणीची! बदलापूरच्याही पुढे! ज्याच्या घामावर परळ उभे राहिले, त्याने परळ बघायला तिकीट काढून यायचे!

शिरगणतीचे आकडेच बघा. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची, वस्ती २००१ साली ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती ३० लाख ८५ हजार झाली. अडीच लाख माणूस कमी! इमारती आभाळाला टेकल्या आणि माणसे घटली. ही माणसे गेली कुठे? कर्जतच्या आणि विरारच्या गाडीत संध्याकाळी डोकावून बघा.

इथे मी माझाही गुन्हा कबूल करतो. आमची पागडीची खोली आम्ही १९९६ साली विकली. कुणी बंदूक लावली नव्हती. बहिणीचे लग्न होते, वडिलांचे औषधपाणी होते. आणि खरे सांगायचे तर डोंबिवलीच्या ब्लॉकचा मोहही होता. सामायिक संडासासमोर डबा घेऊन उभे राहायचा वीट आला होता. पहाटे चारला पाणी भरून आईचे मनगट सुजायचे. तेव्हा चाळीचे फार गोडवे गाऊ नका. 'चाळीत काय मजा होती' असे म्हणणारे बहुतेक आता चाळीत राहत नाहीत! दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे झोपणे ही संस्कृती नव्हे, अडचण होय. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतल्या १६० चौरस फुटांत पिढ्या काढलेल्या पहिल्या काही बिऱ्हाडांना २०२५ च्या ऑगस्टात तिथेच ५०० फुटांची घरे मिळाली. त्याचा आनंदच आहे. जागच्या जागी घर देता येते, हे त्यावरून सिद्ध झाले. मग गिरणी कामगारालाच वांगणी का?

तसेच, झालेले सगळेच वाईट झाले असेही मी म्हणणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत सुरू झाली. गिरगावच्या पोटातून थंडगार डब्यात बसून जाताना मलाही बरे वाटले. अहो, का वाटू नये? पण वर आलो, चार ओळखीच्या दारांवर नजर टाकली. तीन दारे उरली नव्हती आणि चौथ्याला कुलूप होते. गाडी चांगली आली, पण जायचे कुणाकडे?

आता कीर्तीचा दुसरा प्रकार. म्हणे, 'मुंबई कधी थांबत नाही!' २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माणसे छातीभर पाण्यातून चालत घरी गेली. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये सात बाँब फुटले. दुसऱ्या दिवशी त्याच मार्गावर गाड्या भरून धावल्या. लगेच पाठ थोपटायला सगळे पुढे! 'काय हे मुंबईचे स्पिरिट!' अहो साहेब, त्या पावसात अनोळखी माणसाला घरात घेऊन चहा-पोळी देणारी मुंबई खरी, तिला माझा दंडवत. पण दुसऱ्या दिवशी कामावर जाणे ही काही मर्दुमकी नव्हती. खाडा पडला की पगार कापतात, म्हणून गेलो! तुम्ही आमच्या नाइलाजाला शौर्याचे पदक लावता आणि नाल्याचा गाळ, पुलाची रुंदी यांचा जाब चुकवता!

पुलावरून आठवले. २९ सप्टेंबर २०१७. एल्फिन्स्टन रोडचा जिना. चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, माणसांचे लोंढे वाढले, पूल मात्र होता तेवढाच राहिला. आणि मग? लष्कर बोलावले आणि पाच महिन्यांत नवा पूल झाला! म्हणजे पूल बांधता येत होता. तेवीस तिरड्या उठल्यावर बांधला, इतकेच.

कुणी म्हणेल, हे सगळे बाहेरून येणाऱ्यांमुळे झाले. सबूर! तुमच्या नाक्यावरचा भाजीवाला भैया स्वतः सहा जणांत एक खोली करून राहतो. त्याने परळची जमीन घेतली का? नियमाला पाचर मारली का? गरिबाने गरिबाच्या उरावर बसायचे आणि तिसऱ्याने माडी चढवायची, हा डाव जुना आहे. त्याने इथली भाषा शिकावी, हा आपला आग्रह हक्काचा आहे. पण त्याच्याशी मराठीत आधी आपण बोलायला हवे ना! आपणच रिक्षात बसताना हिंदी फाडतो आणि घरी येऊन मराठीच्या नावाने गळा काढतो.

रडगाणे पुरे. एक गोष्ट जिंकल्याची सांगतो. ज्या कोळ्यांच्या मुंबादेवीवरून या शहराला नाव मिळाले, त्यांच्या वरळी कोळीवाड्यासमोर समुद्रात रस्त्याचे खांब येत होते. दोन खांबांत अंतर ६० मीटर. कोळी म्हणाले, वारा-पाण्यात आमच्या होड्या यातून निघायच्या नाहीत. आधी कुणी ऐकले नाही. त्यांनी होड्या आडव्या घातल्या, काम अडवले, चिकाटी सोडली नाही. शेवटी अंतर १२० मीटर करावे लागले! त्यांची मागणी याहून मोठी होती, हे खरे. पण ज्यांना वाटत होते की नकाशा एकदा काढला की बदलत नाही, त्यांनी तो बदलला.

मग आपण काय मागायचे? मोजकेच मागू. गिरणी कामगाराला आणि चाळकऱ्याला घर मुंबईतच. भरावाने जी नवी जमीन समुद्रातून वर आली, ती बागा-मैदानांसाठीच राहील, असा पक्का कायदा. आणि ज्याचे काम मुंबईत, त्याला परवडेल अशा भाड्याचे घर कामाच्या टप्प्यात. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने ही सगळी मुंबई कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली होती. आम्ही बेट मागत नाही. दोन खोल्या मागतो!

आणि आपल्या बाजूने एक शपथ. पुनर्विकासाचे कागद पुढे आले, की शेजाऱ्यांना सोडून एकट्याने सही करायची नाही. चाळीचा जोर चाळीच्या एकीत असतो. तो मोडला की बिल्डर एकेकाला गाठतो. आमच्या चाळीत तसेच झाले. पहिली सही आमची होती.

पुढच्या जत्रेला म्हातारा विचारील, "कुठं असता?" तेव्हा खरे सांगण्याची हिंमत करा. सांगा, "बाबा, मुंबई आमची आहे, पण आम्ही अजून मुंबईत नाही. जाणार आहोत."

वडीलधाऱ्यांनी मुंबई मिळवली. आता मुंबईत राहणे मिळवायचे आहे.

कामकऱ्याला मुंबईत बिऱ्हाड मिळालेच पाहिजे!