भिंत आपली, हातही आपलाच

घराचा हप्ता किंवा भाडे, मेंटेनन्स आणि मुलांची फी भरून झाली की सजावटीसाठी हातात फारसे उरत नाही. माजिवड्याच्या उंच इमारतींत राबोडी-मुंब्र्याहून राहायला आलेल्या अनेक घरांची हीच कथा. मग बाजारातली सोनेरी प्लास्टिकची फ्रेम येते. तीच शेजारी, तीच व्याह्यांकडे! यापेक्षा शे-दोनशे रुपयांत घरच्या हातची चीज भिंतीवर लागली तर?

पण कोणत्या भिंतीवर? हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरातला एक नक्षीदार पडदा नमाजमध्ये नजरेसमोर येतो म्हणून प्रेषित (स.) यांनी तो काढायला सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. म्हणून नमाजच्या खोलीतली किबल्याकडची भिंत साधीच ठेवावी, असे आम्हाला वाटते. आपल्याकडे किबला पश्चिमेला आणि पावसाची झोडही त्याच बाजूने. बाहेरच्या पश्चिम भिंतीला ओल धरली की कागद फुगतो, टेप सुटते. सजावट आतल्या कोरड्या भिंतीवरच बरी.

काय काढावे, याचीही वाट दाखवलेली आहे. चित्रांवर पोट असलेल्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिला होता. आपल्या कारागिरांनी वेली आणि भूमितीची नक्षी कुठल्या कुठे नेली, हे औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या जाळ्या पाहिल्या की कळते.

अशी एक नक्षी घरी सहज जमते. ड्रॉइंग पेपरचे 20 सेंटिमीटरचे नऊ चौरस कापा. प्रत्येकावर समोरासमोरच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडा, दोन्ही कर्णही काढा. केंद्रापासून आठही दिशांना 10 सेंटिमीटरवर खूण करा. आता एक सोडून एक खुणा जोडल्या की दोन चौकोन एकमेकांवर तिरपे बसतात आणि आठ टोकांचा तारा तयार होतो. नऊ कागद तीन-तीनच्या ओळींत चिकटवा. ताऱ्यांची टोके एकमेकांना भिडतात आणि मधल्या जागेत अधिकच्या चिन्हासारखे चार आकार आपोआप उमटतात. इराणच्या काशान शहरात 13व्या शतकात याच दोन आकारांच्या फरशा भाजत असत.

रंग मात्र आपल्या मातीचा घेऊ. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या, आता पालघरमध्ये गेलेल्या पाड्यांवर वारली स्त्रिया लग्नघराच्या गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढत आल्या आहेत. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना याच कलेसाठी 2011 साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांचे विषय त्यांच्या श्रद्धेचे. आपण गेरू आणि पांढरा ही जोडी घेऊ. गेरूत पाणी आणि थोडे फेव्हिकॉल घाला, म्हणजे रंग हाताला लागत नाही. पिठाला किडे लागतात, त्याऐवजी पांढरा पोस्टर कलर घ्या. तारे गेरूने भरा आणि वाळल्यावर आगपेटीच्या काडीने त्यांत पाने-फांद्या काढा.

फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा मागे लावला की दोन फुटांचा चौरस तयार. घर भाड्याचे असेल आणि मालक खिळा ठोकू देत नसेल, तर तो कपाटावर टेकवून ठेवावा.

आयत लिहायची असेल तर मात्र घाई नको. एका नुक्त्याने अर्थ बदलतो. आधी पेन्सिलने लिहून जाणकाराला दाखवा, मगच रंग भरा. जागा उंच आणि स्वच्छ असावी. जुन्या कॅलेंडरवरच्या आयतीही कचऱ्यात न टाकता अदबीने वेगळ्या ठेवाव्यात.

एका रविवारी टीव्ही बंद करून मुलांना तीन-तीन कागद वाटून द्या. एखादा तारा वाकडा आला तरी तोही लावा. पाहुण्यांनी विचारले की तो कोणाचा, हे मूल स्वतःच पुढे येऊन सांगेल. विकतच्या फ्रेमपुढे उभे राहून ते असे कधी बोलत नाही.