रुळांचा वहन आकार कोण ठरवणार?

भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही घरचे वीजबिल उघडले की त्यात ‘वहन आकार’ नावाची एक ओळ दिसते. वीज कुणीही तयार केलेली असो, ती तारांवरून घरापर्यंत आणण्याचे हे भाडे. वसूल करते महावितरण. पण ठरवतो राज्य वीज नियामक आयोग, आणि त्याआधी तो नागपुरातही जनसुनावणी घेतो. रुळांचेही असेच भाडे असते. खासगी कंपनीच्या कंटेनरगाडीला रेल्वेचे रूळ आणि इंजिन वापरण्यासाठी जे द्यावे लागते, त्याला या धंद्यात ‘हॉलेज चार्ज’ म्हणतात. हे भाडे मात्र रेल्वेच ठरवते, तीच वाढवते आणि वसूलही तीच करते. रूळ आणि सिग्नल तिचे, आणि त्याच रुळांवर धंद्यात उतरलेली सर्वात मोठी कंटेनर कंपनी, कॉनकॉर, तीही रेल्वे मंत्रालयाच्याच अखत्यारीतली. तारांच्या भाड्याला जसा त्रयस्थ पंच आहे, तसा रुळांच्या भाड्यालाही हवा, असे माझे ठाम मत आहे.

यावरून वाद झाले आहेत. 2006 मध्ये केंद्राने कंटेनरगाड्या चालवण्याचे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले. सर्व मार्गांच्या परवान्याचे शुल्क 50 कोटी रुपये होते, मर्यादित मार्गांच्या परवान्याचे 10 कोटी. कंपन्यांनी वाघिणी घेतल्या, डेपो बांधले. पैसा असा अडकल्यानंतर हॉलेजचे दर वाढत गेले. कोळसा, कोक, खनिज धातुके यांच्या कंटेनर वाहतुकीवर बंधनही होते. ‘अर्शिया रेल’ आणि ‘कृभको इन्फ्रास्ट्रक्चर’ या कंपन्या स्पर्धा आयोगाकडे गेल्या. आपल्याला स्पर्धा कायदा लागूच होत नाही, असे रेल्वेचे म्हणणे होते. ते दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये फेटाळले. पुढे त्याच वर्षी आयोगाने या तक्रारी निकाली काढल्या आणि रेल्वेला दोषमुक्त केले. त्या निकालाबद्दल माझी तक्रार नाही. बाजारातल्या ताकदीचा गैरवापर झाला का, एवढेच आयोग तपासतो. रुळांचे वाजवी भाडे किती, हे ठरवणे त्याचे काम नाही. ते ज्याचे काम असायला हवे, ती संस्थाच आपल्याकडे नाही.

भंडाऱ्याचा याच्याशी थेट संबंध आहे. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे ‘मॉइल’च्या मँगनीज खाणी आहेत आणि तुमसर रोड–तिरोडी हा फाटा त्या पट्ट्याला हावडा–मुंबई मुख्य मार्गाशी जोडतो. भंडारा रोड स्टेशनला लागून वरठीत पोलाद कारखाना आहे. भाताची भरडाई करणारा जिल्हा तांदूळ बाहेर पाठवतो आणि खत बाहेरून आणतो. मँगनीज बहुतेक उघड्या वाघिणींतूनच जाते, त्यामुळे कंटेनरवरच्या बंधनाने खाणी अडून राहिल्या असे मी म्हणणार नाही. पण पर्याय आजमावून पाहण्याची वाट बंद झाली, हे खरे. शिवाय ज्याचा माल रेल्वेच्याच वाघिणीतून जातो, तोही याच एकतर्फी दराखाली येतो. पोलाद कारखान्यांच्या खनिजाला एक दर आणि निर्यातीच्या खनिजाला दुसरा, असे लोहखनिजाचे दुहेरी दरधोरण 2008 मध्ये आले आणि 2016 मध्ये मागे घेतले गेले. तेच रूळ, त्याच वाघिणी, तेवढेच वजन. तरी भाडे किती हे माल शेवटी कुठे जाणार यावर ठरत होते.

दराविरुद्ध दाद मागायला रेल्वेचे न्यायाधिकरण आहेच की, असे यावर सांगितले जाते. 1989 च्या रेल्वे कायद्याचे कलम 37 वाचले तर या उत्तरातला पोकळपणा कळतो. मालाचे वर्गीकरण त्या न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे आणि डेमरेज (वाघिणी अडकवून ठेवल्याचा आकार) व व्हार्फेज (माल वेळेत न उचलल्याचा आकार) यांचे दरही. ज्याने साइडिंगवर एकदा रेक उतरवून घेतली आहे त्याला माहीत असते की खर्चाची गणिते कोलमडतात ती याच दोन-तीन ठिकाणी. पूर्वीचे रेल्वे दर न्यायाधिकरण 2017 मध्ये दावे न्यायाधिकरणात विलीन झाले, त्याने ही उणीव भरून निघाली नाही.

अधिक वजनदार आक्षेप प्रवाशांचा आहे. रेल्वेचे सुमारे 65 टक्के उत्पन्न मालवाहतुकीचे आणि त्यातूनच प्रवासी तिकीट स्वस्त राहते. 2022-23 मध्ये ही सवलत 56,993 कोटी रुपयांची होती, असे रेल्वेमंत्र्यांनीच सांगितले आहे. पंच नेमला की गोंदिया–नागपूर प्रवास करणाऱ्या मजुराचे तिकीट वाढेल, ही भीती मला खोटी वाटत नाही. त्या मजुराची सवलत टिकलीच पाहिजे. पण विजेतही शेतीपंपाला सवलत आणि उद्योगाला चढा दर आहेच. ती सवलत आयोगाने बंद केली नाही. कुणाकडून किती घेऊन कुणाला किती दिले, ते आदेशात लिहून दाखवले. रेल्वेत हा भार धातुकाच्या आणि सिमेंटच्या भाड्यात मुरलेला असतो. भाडे फार चढले की माल ट्रकवर जातो, आणि मग ज्या उत्पन्नातून सवलत द्यायची तेच आटते. 2030 पर्यंत मालवाहतुकीतला आपला वाटा 45 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट रेल्वेनेच ठेवले आहे. आज तो त्याहून बराच खाली आहे.

ब्रिटनचा दाखला देऊन खासगीकरणाची भीतीही घातली जाते. तिथे रूळ आणि गाड्या वेगळ्या केल्याने घोळ झाला आणि आता प्रवासी सेवा पुन्हा सरकारी ताब्यात येत आहेत, हे खरे आहे. मात्र मी रेल्वेचे तुकडे करा म्हणत नाही. रूळ सरकारचेच राहोत. त्यांचा हिशेब वेगळा मांडला जावा आणि दर दुसऱ्याने ठरवावा. हिशेब वेगळा मांडता येतो, हे रेल्वेनेच दाखवले आहे: समर्पित मालवाहतूक मार्गिका वापरल्याबद्दल ती आपल्याच कंपनीला रूळभाडे देते.

राकेश मोहन समितीने 2001 मध्ये आणि विवेक देबरॉय समितीने 2015 मध्ये नियामकाची शिफारस केली. दर प्राधिकरणाला 2014 मध्ये आणि रेल्वे विकास प्राधिकरणाला 2017 मध्ये मंत्रिमंडळाने मान्यताही दिली, पण दर ठरवणारा नियामक काही उभा राहिला नाही. दुसरे तर केवळ सल्ला देणारे होते. 2025 मध्ये संसदेने 1905 चा रेल्वे मंडळ कायदा 1989 च्या कायद्यात सामावला, तेव्हा नियामकाची तरतूद करायची संधी चालून आली होती. ती हुकली. आता विदर्भातल्या खासदारांनी दुरुस्ती विधेयक मागावे: कलम 37 मधले अपवाद काढा, दर ठरवण्याचा अधिकार कायद्याने नेमलेल्या नियामकाकडे द्या आणि त्याची एक सुनावणी नागपुरात ठेवा. विजेच्या दरासाठी तिथे जाणारा तुमसरचा गिरणीमालक मग आपल्या रेकच्या भाड्याचाही हिशेब तिथेच मागू शकेल.