डॉक्टरांचे स्पॅनिश किती पुरते?

१ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा ठरवणारा आदेश काढला. आपल्याकडे ही बातमी राजकारणाच्या पानावर आली आणि मागे पडली. पण त्याच आदेशाने केलेल्या आणखी एका गोष्टीची दखल आरोग्याच्या पानावर घ्यायला हवी. इंग्रजी नीट न येणाऱ्यांनाही सरकारी सेवा समजेल अशी सोय करा, असे सांगणारा ऑगस्ट २००० मधील अध्यक्ष क्लिंटन यांचा आदेश त्याने रद्द केला. जुलैमध्ये न्याय विभागाने त्यासंबंधीच्या जुन्या मार्गदर्शक सूचनाही मागे घेतल्या.

याचा अर्थ रुग्णालयांतून दुभाषे उद्यापासून गायब होतील, असा नाही. अध्यक्षांच्या आदेशाने संसदेचे कायदे बदलत नाहीत. १९६४ चा नागरी हक्क कायदा माणसाच्या राष्ट्रीय मुळावरून भेदभाव करण्यास मनाई करतो आणि केंद्राचा पैसा घेणारी रुग्णालये त्याच्या कक्षेत येतात. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याचे कलम १५५७ आणि त्याखालचे नियम रुग्णाला पात्र दुभाषा विनाशुल्क देण्यास सांगतात. लहान मुलांना दुभाषा करण्यासही हे नियम, तातडीचा प्रसंग वगळता, मनाई करतात. पण कायदा कागदावर असणे वेगळे आणि वरून त्याचा तगादा असणे वेगळे. सरकारी रुग्णालयात नोकरी केलेल्या कोणालाही हा फरक समजावून सांगावा लागत नाही. जिथे तगादा सुटतो, तिथे सगळा भार समोरच्या डॉक्टर-नर्सवर येतो. म्हणूनच ‘आरोग्यसेवेसाठी स्पॅनिश शिका’ हा अमेरिकेतला जुना सल्ला आता नव्याने तपासून पाहायला हवा.

प्रश्नाचा आकार मोठा आहे. २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत लॅटिनो लोकसंख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे १८.७ टक्के होती. घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून अधिक आहेत. त्यांतील बहुतेकांना इंग्रजीही चांगले येते. अडचण उरलेल्यांची आहे, आणि ही संख्या काही कमी नाही. शेतात राबणारे, मांस कारखान्यांत, बांधकामावर किंवा घरकामाला जाणारे, उतारवयात मुलांकडे आलेले असे हे लोक. आजारपण ज्यांना लवकर गाठते, तेच भाषेतही अडतात. लॅटिनो डॉक्टरांचे प्रमाण मात्र दहा टक्क्यांच्याही खाली आहे.

भाषा चुकली तर काय होते, याचे वैद्यकशास्त्रात कायम सांगितले जाणारे उदाहरण १९८० मधले, फ्लोरिडातले आहे. क्यूबन वंशाचा १८ वर्षांचा एक खेळाडू बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आला. घरच्यांनी ‘इन्तोक्सिकादो’ हा शब्द वापरला. क्यूबन बोलीत त्याचा अर्थ ‘काहीतरी खाण्यापिण्यात आले आणि बाधले’ असा होतो. डॉक्टरांना त्यात इंग्रजीतला ‘नशा’ ऐकू आला आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. निदान होईपर्यंत दोन दिवस गेले आणि मुलाचे चारही अवयव कायमचे लुळे पडले. नुकसानभरपाईचा आकडा सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर होता. या घटनेत कोणी ‘मला कळले नाही’ असे म्हटलेच नाही. सगळ्यांना कळल्यासारखे वाटले, म्हणून दुभाषा बोलावला गेला नाही. न कळणाऱ्या भाषेपेक्षा कळल्यासारखी वाटणारी भाषा अधिक धोक्याची असते.

स्पॅनिशचे हेच वैशिष्ट्य आहे. इंग्रजी जाणणाऱ्याला ती ओळखीची वाटते आणि नेमकी तिथेच फसवते. ‘एम्बारासादा’ ऐकून बाई लाजली आहे असे वाटेल. ती गरोदर असल्याचे सांगत असते. इंग्रजीत ‘एकदा’ यासाठी जी चार अक्षरे लिहितात, तीच स्पॅनिशमध्ये ‘ओन्से’, म्हणजे अकरा! औषधाच्या भाषांतरित चिठ्ठीवर तेवढा एक शब्द इंग्रजीत राहिला, तर दिवसातून एक गोळी की अकरा? ही भीती काल्पनिक नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील औषध दुकानांमधल्या संगणकाने भाषांतरित केलेल्या स्पॅनिश चिठ्ठ्या तपासल्या गेल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत निम्म्या चिठ्ठ्यांत चुका आढळल्या.

मग डॉक्टरांनी स्पॅनिश शिकू नये का? जरूर शिकावे, कारण फायद्याचा पुरावाही भक्कम आहे. कॅलिफोर्नियातील १,६०५ लॅटिनो मधुमेही रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी कमी येणाऱ्या या रुग्णांना काही कारणाने डॉक्टर बदलावे लागले होते. ज्यांना स्पॅनिश बोलणारे डॉक्टर मिळाले, त्यांच्यात साखर आटोक्यात असणाऱ्यांचे प्रमाण, पुन्हा इंग्रजीच बोलणारे डॉक्टर मिळालेल्यांच्या तुलनेत, दहा टक्क्यांच्या आसपास अधिक सुधारले. मधुमेहात औषधाइतकेच बोलणे काम करते. भात किती, चालणे किती, गोळी चुकली तर काय, हे सारे संवादातूनच ठरते.

दुसरी बाजू २००३ च्या एका अभ्यासात दिसते. बालरोग विभागातील अवघ्या १३ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा दुभाष्यांच्या ३९६ चुका सापडल्या. दर भेटीत सरासरी ३१. त्यांतील ६३ टक्के चुकांचा उपचारांवर परिणाम होऊ शकला असता. नातेवाईक, कर्मचारी असे आयत्या वेळी पकडलेले दुभाषे असतील, तर गंभीर चुकांचे प्रमाण अधिक होते. म्हणजे दुभाषा म्हणून उभा केलेला प्रत्येक माणूस दुभाषा नसतो आणि स्पॅनिशचा वर्ग केलेला प्रत्येक डॉक्टर स्पॅनिश डॉक्टर नसतो.

यातून मार्ग साधा आहे. नमस्कार-चमत्कार, नाव-गाव, ‘कुठे दुखते’, ‘घाबरू नका’ एवढे स्पॅनिश प्रत्येकाने शिकावे. त्याने रुग्ण मोकळा होतो. स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘उस्तेद’ असा भेद आहे, अगदी आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखा. वडीलधाऱ्या रुग्णाला ‘तू’ म्हटले की पुढचे सगळे बिनसते, हे मराठी माणसाला चटकन समजेल. पण शस्त्रक्रियेची संमती, कर्करोगाचे निदान, औषधाचे प्रमाण यांसाठी एकतर भाषेची परीक्षा उत्तीर्ण झालेला डॉक्टर हवा, नाहीतर प्रशिक्षित दुभाषा. मधली वाट नाही.

हल्ली मोबाइलवरचे भाषांतर आहेच, मग चिंता कशाला, असेही विचारले जाते. २०१९ च्या एका अभ्यासात रुग्णालयातून घरी सोडताना दिलेल्या सूचनांचे गूगलने केलेले भाषांतर तपासले. स्पॅनिशमध्ये ९२ टक्के वाक्ये बरोबर आली, चिनीत ८१ टक्के. ही प्रगती नाकारता येत नाही. पण स्पॅनिशमधली दोन टक्के आणि चिनीतली आठ टक्के वाक्ये गंभीर इजा करू शकतील अशी होती, आणि ती वाक्ये कोणती हे ना डॉक्टरला कळते ना रुग्णाला.

शिवाय शब्दकोशात न मावणारी गोष्ट म्हणजे आजाराची लोकांची स्वतःची कल्पना. मेक्सिकन कुटुंबात मधुमेहाला नुसते ‘साखर’ म्हणतात, आपल्यासारखेच. त्यांची ‘माल दे ओहो’ म्हणजे आपली दृष्ट. ‘सुस्तो’ म्हणजे धसका बसून आलेले आजारपण. ‘एम्पाचो’ म्हणजे पोटात अन्न अडकून बसणे. यावर हसून भागत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मुलांमध्ये शिशाची विषबाधा आढळली. शोध घेता ती एम्पाचोवर दिल्या जाणाऱ्या ‘आसार्कोन’ आणि ‘ग्रेता’ या पुड्यांमुळे झाल्याचे कळले. आसार्कोन म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत आपला पारंपरिक शेंदूर, शिशाचे तांबडे ऑक्साइड. ‘घरचे कोणते औषध दिले?’ हा प्रश्न रागावून विचारला, तर आई ‘काही नाही’ म्हणते. तिच्या भाषेत, तिच्या पद्धतीने विचारला, तरच पुडी बाहेर येते.

हे काम तिथे ‘प्रोमोतोरा’ करतात. लॅटिन अमेरिकेतून आलेली ही परंपरा. वस्तीतलीच एखादी बाई प्रशिक्षण घेऊन शेजारपाजारी आरोग्याची माहिती देते, तपासणीला सोबत जाते. आपल्या आशाताईंची ही लांबची बहीणच. जानेवारी २०२५ मध्ये, रुग्णालयांसारख्या ठिकाणी स्थलांतरितांवर कारवाई टाळण्याचे जुने धोरण रद्द झाले. अशा काळात अनेक घरांत डॉक्टरांआधी हिलाच दार उघडले जाईल. मात्र लॅटिनो म्हणजे स्पॅनिश हेही गृहीत धरू नये. ब्राझीलचे लोक पोर्तुगीज बोलतात. मेक्सिकोतून आलेल्या अनेकांची मातृभाषा मिश्तेको किंवा सापोतेको असते, ग्वातेमालातून आलेल्यांची माया कुळातली. त्यांना स्पॅनिशचा दुभाषा देणे म्हणजे मेळघाटातल्या कोरकू आजीला हिंदीचा दुभाषा देण्यासारखे आहे.

इथे आपला विषय येतो. महाराष्ट्रातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत पदवीच्या १५ टक्के आणि पदव्युत्तर ५० टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. परराज्यातले निवासी डॉक्टर वॉर्डातल्या मावशींकडून, सिस्टरकडून मराठी शिकतात. ‘पित्त झालंय’ म्हणजे छातीत जळजळ, की अंगावर उठलेल्या गांधी? ‘अंगावरून जातंय’ म्हणजे लाल की पांढरे? ‘उन्हाळी लागली’ याचा उन्हाशी नव्हे, लघवीच्या जळजळीशी संबंध असतो. हे कोण शिकवणार? एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेला जागा दिली आहे. परंतु पहिल्या वर्षाच्या मुलांना, रुग्ण दिसण्याआधी दिलेली ती तोंडओळख असते. पदव्युत्तर डॉक्टर तर थेट वॉर्डात उतरतात.

आणि मराठी डॉक्टरांचे काय? नंदुरबारमध्ये पावरी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, मेळघाटात कोरकू. १९७३ मध्ये हेमलकशाला गेलेले डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया शिकले. पण अशा व्यक्तींच्या तळमळीवर सार्वजनिक व्यवस्था चालवता येत नाही. जिल्हा रुग्णालयात स्थानिक बोलीचा प्रशिक्षित, पगारी दुभाषा असावा. बदली होऊन येणाऱ्या डॉक्टरला दोन आठवड्यांचा बोलीवर्ग आणि त्यानंतर परीक्षा असावी. रुग्णाने सांगितलेला मूळ शब्द केसपेपरवर जसाच्या तसा लिहावा. फ्लोरिडात एवढे झाले असते, तर पुढच्या पाळीतल्या कोणाला तरी शंका आली असती.

यातले शेवटचे काम करायला कोणत्याही शासन आदेशाची गरज नाही. ते उद्याच्या ओपीडीपासून सुरू करता येईल.