बोअर फुटावर मोजतात, पाणी कोण मोजणार?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावात सरकारी पैशातून तिसरी बोअर मारली. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, तिथंच गाडी लावली. पाचशे फूट गेली. वर आला तो नुसता धुरळा. बिल मात्र फुटावर निघालं. "नशीबच कोरडं," म्हणत सगळे घरी गेले.

मला हे नशीब मान्य नाही. कोरड्या फुटाला पैसे आहेत, पण गाडी लावायच्या आधी दोन दिवस शिवार फिरणाऱ्या भूजलतज्ज्ञाला नाहीत, हा नशिबाचा नाही, धोरणाचा दोष आहे.

हा माणूस करतो काय? गावातल्या जुन्या विहिरी मोजतो, पावसाळ्याआधी आणि नंतर पाणी किती खाली आहे ते लिहितो. जमिनीत वीज सोडून खालचा थर कसला आहे याचा अंदाज घेतो. बोअर लागली की पंप चालवून किती उपसा झेपेल ते ठरवतो. आणि पाणी कुठं मुरवायचं, तेही सांगतो. आपल्या जिल्ह्यात तर त्याची गरज जास्तच. निपाणीकडे काळा पाषाण, गोकाकला धबधबा कोसळतो तो कलादगीचा खडक, दोन्हींचा स्वभाव वेगळा. झिजलेल्या काळ्या पाषाणात घनमीटरमागे हाती लागणारं पाणी साधारण 20 लिटर धरतात. एवढ्याशा साठ्यावर ऊस आणि नारळाचा कौल? बघा की विचार करून.

तज्ज्ञ नाहीतच असंही नाही. केंद्रीय भूजल मंडळ 1970 पासून आहे. निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. 2012 पासून देशभर जलधरांचे नकाशे करायचं काम सुरू झालं. पण आमच्या ग्रामसभेत यातला एक कागद कधी वाचला गेला नाही. अहवाल इंग्रजीत, फाईल तालुक्याला, आणि बोअर आमच्या दारात.

काही जण म्हणतील, "खडकाला कुठं भाषा असते? इथं तरी भाषेचा वाद नको." खडकाला नसते, कबूल. पण उपसा खडक करत नाही, माणसं करतात. आंध्रातल्या 7 दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी स्वतः विहिरी आणि पाऊस मोजला, आकडे गावासमोर मांडले आणि रब्बीत काय पेरायचं त्यावर चर्चा केली. तिथं तज्ज्ञ शिकवणारा होता, मोजणारा गाव होता. न कळणाऱ्या भाषेत हे जमलं असतं का?

आणि आपण काही खैरात मागत नाही. भाषिक अल्पसंख्याक किमान 15 टक्के असतील तिथं नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे 1961 च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरलेलं आहे. प्यायच्या पाण्याचा अहवाल त्याहून कमी महत्त्वाचा आहे काय?

म्हणून तीन मागण्या. सर्वेक्षणाशिवाय सरकारी पैशातून एकही बोअर नको. प्रत्येक बोअरला किती फुटावर काय लागलं, त्याची नोंद पंचायतीत हवी. कोरड्या बोअरचीही, कारण पुढची चूक तीच टाळते. आणि अहवाल ग्रामसभेत कन्नड आणि मराठी, दोन्हीत वाचायचा. शेजारच्या कन्नड शेतकऱ्याची विहीरही त्याच थरावर आहे, त्यालाही इंग्रजी फाईल कळत नाही.

शेवटी आपल्यासाठी एक. आपण सगळे राज्यशास्त्र, वकिली, बँकेच्या परीक्षा यांतच अडकलोय, मीसुद्धा. बारावीला सायन्स घेतलेल्या भावंडांना भूगर्भशास्त्राचं नाव तरी सांगा. आणि येत्या ग्रामसभेत उभं राहून एकच प्रश्न विचारा: मागच्या बोअरची नोंद कुठं आहे?

उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.