तबकड्यांची वाटणी

एकत्र कुटुंबातून वेगळा निघालेला माणूस पहिले काही महिने मोठा चमत्कारिक वागतो. मंडईत गेला तर सवयीने दोन किलो वांगी घेऊन येतो. विजेचे बिल आले की कोणीतरी भरील म्हणून खुंटीला अडकवून ठेवतो. बिघाड त्या माणसात नसतो. घर बदललेले असते, अंगातले जुने घर तेवढे बदललेले नसते. संगणकातल्या तबकड्यांचेही नेमके असेच होते म्हटले, तर पुष्कळांना ती मास्तरकीतली अतिशयोक्ती वाटेल. पण तसे नाही. (हार्ड डिस्कला मी तबकडी म्हणतो. आत खरोखर तबकड्याच फिरत असतात, तेव्हा कोणी हरकत घेऊ नये.)

अनेक तबकड्यांनी मिळून एक संसार करायचा, या व्यवस्थेला ‘रेड’ म्हणतात. नाव धाडीचे आणि काम राखणीचे! १९८८ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एका निबंधात ती मांडली. एक महागडी मोठी तबकडी घेण्यापेक्षा स्वस्त, लहान अशा पुष्कळ घ्याव्या आणि एखादी दगावली तरी माहिती शाबूत राहील अशी सोय करावी, हे त्यांचे म्हणणे. नावातल्या ‘आय’चा अर्थ मुळात ‘स्वस्त’ असा होता. पुढे लोक तिथे ‘स्वतंत्र’ म्हणू लागले. स्वस्ताचे स्वतंत्र कसे झाले, याचा शोध भाषेच्या अभ्यासकाने अवश्य घ्यावा. दुकानदारांना तो केव्हाच लागला असावा.

या संसाराचे प्रकार अनेक. सर्वांत सरळ तो आरशाचा : जे एकीवर, तेच दुसरीवर. अशी जोडी फुटली तरी एकटी तबकडी बहुधा वाचता येते. पाचवा प्रकार मात्र खरा एकत्र कुटुंबाचा. समजा, तीन तबकड्यांवर ४, ९ आणि ६ हे आकडे आहेत; चौथीवर त्यांची बेरीज १९ लिहून ठेवायची. कोणतीही एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा आकडा काढता येतो. दोन गेल्या की हिशेब संपला. (यंत्राचे गणित थोडे निराळे असते आणि बेरीज ठेवण्याचे काम आळीपाळीने सगळ्यांकडे येते, पण तत्त्व हेच.) म्हणून चार टेराबाइटच्या चार तबकड्या घेतल्या तरी जागा सोळा मिळत नाही, बारा मिळते.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या कपाटात अशीच चार तबकड्यांची पेटी होती. घरातले सगळे जुने फोटो त्यांनी यंत्रातून उतरवून तीत भरले होते. शिवाय त्यांच्या आईने म्हटलेल्या ओव्या, कॅसेटवरून घेतलेल्या. ते गेले. दोन्ही मुलांत फ्लॅटवरून बिनसले, वाटण्या झाल्या, आणि कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघाले की पेटीतल्या तबकड्याही दोन-दोन वाटून घ्याव्या. निम्मे फोटो तुझे, निम्मे माझे! दोघांच्याही पदरात त्या दिवशी एकही फोटो पडला नाही, हे दोघांनाही कळले नाही.

थोरल्याने नाशकात आपली एक तबकडी संगणकाला जोडली. संगणक म्हणाला, ही वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? या प्रश्नाइतका सभ्य आणि घातकी प्रश्न मी दुसरा ऐकलेला नाही. तबकडी नादुरुस्त नसते. तिच्यावर एक अदृश्य चिठ्ठी असते : मी अमुक कुळातली, आम्ही चौघी, माझा क्रमांक दुसरा, आमच्या माहितीचे तुकडे इतक्या-इतक्या मापाचे. संगणकाला ती भाषा येत नाही, म्हणून तो पाटी कोरी समजतो. थोरल्याची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिने वडिलांचा हात धरला आणि पुण्याला फोन लावला.

“काका, तुमच्याकडच्या दोन डिस्कचं काय केलंत?”

“एकीवर सिनेमे भरलेत, अगदी गच्च. दुसरी पडलीय कपाटात.”

“तिला हात लावू नका. मी उद्या येते.”

चौघींपैकी एक गेली, तीन उरल्या. तिसरीसाठी मात्र दोन वर्षे बंद असलेल्या दारी जावे लागले.

तिने पहिले काम केले ते कोणत्याही तबकडीला न दुखवता तिची नक्कल करण्याचे. त्यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. दोन तबकड्यांना प्रत्येकी आठेक तास लागले. तिसरी दुखरी निघाली, तिने दोन दिवस घेतले. यातही एक गंमत आहे. रेडसाठी मुद्दाम बनवलेली तबकडी खराब जागा लागली की साधारण सात सेकंदांत ‘मला वाचता येत नाही’ म्हणून मोकळी होते, कारण बाकीच्या सांभाळून घेतील हा भरवसा. एकटी पडल्यावर तोच स्वभाव आजारासारखा दिसतो. अर्थात ‘टक्, टक्’ असा आवाज येत असेल तर तो स्वभाव नव्हे. तिथे वीज काढून जाणत्याकडेच न्यावे.

मग नकलांवरून, मूळ तबकड्या बाजूला ठेवून, तिने कुटुंब पुन्हा मांडले, आणि तेही केवळ वाचण्यापुरते. ‘नवे रेड तयार करा’ या बटणाकडे ती फिरकली नाही. ते जुन्या चिठ्ठ्या पुसून नव्या लिहिते.

चिठ्ठी पुसण्याचीही एक वेळ असते. ती सगळे हाती आल्यानंतरची. न पुसता तबकडी दुसरीकडे वापरली, तर उलटी खोड लागते. काही व्यवस्था ही चिठ्ठी तबकडीच्या अगदी शेवटी ठेवतात, त्यामुळे साधे फॉरमॅट करूनही ती तशीच राहते आणि लिनक्ससारखी ती भाषा जाणणारी प्रणाली तबकडीला जुन्या घरची समजून अडवून धरते. त्यावर ‘वाइपएफएस’ ही आज्ञा आहे. ती देताना तबकडीचे नाव दोनदा वाचावे.

तिघींवरून बाराच्या बारा टेराबाइटचा संसार उभा राहिला. दुखरीवरच्या काही जागा मात्र कायमच्या गेल्या. चौथी शाबूत असती तर त्याही भरून निघाल्या असत्या. त्यापायी दहा-बारा फोटो अर्धे राहिले. थोरल्याच्या मुंजीच्या फोटोत वरची झालर आणि मंडळींची डोकी आहेत, खाली सगळा करडा रंग. त्यात आपण दादाच्या मांडीशी बसलो होतो, असे धाकटा सांगतो. थोरला म्हणतो, मांडीशी नव्हे, आत्याच्या कडेवर. त्यावरून परवा फोनवर त्यांचा अर्धा तास वाद चालला होता. ओव्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू येतात.